स्पोर्ट्स कार घेताना कामगिरी आणि किंमत यांचा मेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट्स कार घेण्याचा विचार करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रात गाडी घेऊन येथेच पासिंग करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गाड्यांच्या किमती त्या त्या वर्षी भारतात जाहीर झालेल्या एक्स-शोरूम किमती आहेत आणि कराचे दर २०२५ च्या अखेरीचे आहेत. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पोर्ट्स कार नेमकी कशाला म्हणायचे? शोरूममध्ये तर निम्म्या गाड्यांवर ‘स्पोर्ट’ लिहिलेले असते.

काळी अलॉय व्हील, लाल शिलाईची आसने आणि मागच्या बाजूला एक बिल्ला एवढ्यावर गाडी स्पोर्ट्स कार होत नाही. जिची रचना करताना प्रवासी व सामान यांच्या आधी चालवणाऱ्याचा विचार झाला आहे, ती स्पोर्ट्स कार. अशी गाडी ठेंगणी असते, तिचे वजन दोन्ही आसांवर विचारपूर्वक वाटलेले असते, स्टिअरिंग नेमके असते आणि ब्रेक दीर्घकाळ टिकणारे असतात. पोर्शे ९११ आणि माझदा एमएक्स-५ या त्या अर्थाने स्पोर्ट्स कार आहेत. बीएमडब्ल्यू एम३४०आय ही वेगवान सेडान आहे आणि फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही वेगवान हॅचबॅक. मात्र भारतातील ग्राहक एकाच रकमेत या सगळ्यांची तुलना करतो, म्हणून या पानावर त्या सगळ्या आल्या आहेत.

२. कामगिरी तोलण्यासाठी ०–१०० चा आकडा (ताशी ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला लागणारे सेकंद) पुरेसा नाही का?

पुरेसा नाही, आणि दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करताना तो काही वेळा दिशाभूलही करतो. अमेरिकेतील चाचण्यांत गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यानंतर घड्याळ सुरू करण्याची पद्धत रूढ आहे आणि त्यामुळे सेकंदाचे दोन-तीन दशांश आपोआप वाचतात. शिवाय तेथील आकडा ताशी ६० मैलांचा, म्हणजे साधारण ९६.६ किलोमीटरचा असतो. कंपनीची वेळ उत्तम पकड असलेल्या रस्त्यावर, योग्य तापमानाच्या टायरांवर आणि बहुधा लाँच कंट्रोल (उभी गाडी जास्तीत जास्त जोराने सोडणारी संगणकीय सोय) वापरून नोंदवलेली असते, हेही लक्षात ठेवावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा आकडा एकाच धावेचा असतो, तर चांगली स्पोर्ट्स कार विसाव्या वळणावरही पहिल्या वळणासारखी वागते. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट थोड्या उत्साहाने उतरला, तर हा फरक पायाला कळतो. जड आणि केवळ इंजिनाने ताकदवान असलेल्या गाडीचे ब्रेक पहिली काही वळणे व्यवस्थित धरतात. मग पेडल आधीपेक्षा खोल जाऊ लागते, आत जळका वास येतो आणि तीच पकड मिळवण्यासाठी पाय अधिक जोराने दाबावा लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते आणि वजन वाढले की ती त्याच प्रमाणात वाढते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठ्या डिस्क, हवेचे मार्ग आणि चांगले पॅड लागतात. त्यांवर झालेला खर्च माहितीपत्रकातल्या ठळक आकड्यांत दिसत नाही, पण गाडीच्या किमतीत तो असतो.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेताना मोकळ्या रस्त्यावर एकदा दणकून पिकअप बघून परत येऊ नये. त्याऐवजी काही वेळा ठाम ब्रेक लावून पेडल तसेच राहते का, खराब रस्त्यावर वळताना गाडी रेषा सोडते का, आणि स्टिअरिंग वळवणे व नाक वळणे यांत किती अंतर पडते, हे पाहावे.

३. अश्वशक्ती जास्त असलेली गाडी जास्त चांगली, हे तरी खरे ना?

अश्वशक्तीचा आकडा वजनाशेजारी ठेवला तरच त्याला अर्थ येतो. मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्स या हायब्रिड सेडानची ताकद ६८० पीएस (अश्वशक्तीचे एकक) आहे, पण तिचे वजन २,१०० किलोच्या वर आहे. २०२३ ची बीएमडब्ल्यू एम२ ४६० पीएसची आणि साधारण १,७२५ किलोची. दोन लिटरची माझदा एमएक्स-५ केवळ १८४ पीएसची आहे, पण तिचे वजन टनाच्या आसपास आहे. टनामागे हिशेब केला तर सी ६३ सुमारे ३२०, एम२ सुमारे २६५ आणि एमएक्स-५ सुमारे १७५ पीएसवर येते. सरळ रस्त्यावर क्रम तोच राहतो, मात्र अंतर पुष्कळ कमी होते.

आमचे मत असे आहे की वजनाचा आकडा ताकदीच्या आकड्याआधी वाचावा. ताकद वाढवल्याने गाडी फक्त सरळ जाताना सुधारते, तर वजन कमी केल्याने ती थांबताना आणि वळतानाही सुधारते, आणि टायर व ब्रेक पॅडही अधिक काळ टिकतात. एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, ही आपल्या बाजारातील मोठी उणीव आहे.

४. परदेशात ‘स्वस्त आणि मस्त’ मानली जाणारी गाडी भारतात इतकी महाग का होते?

कारण भारतात स्पोर्ट्स कारची किंमत अभियांत्रिकीपेक्षा करांवर अधिक ठरते. उदाहरणादाखल, बंदरात उतरेपर्यंत विमा व भाड्यासह ५० लाख रुपये मूल्य झालेली, पूर्ण तयार अवस्थेत आयात होणारी पेट्रोल गाडी घेऊ. ४० हजार डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या गाडीवर सीमाशुल्काचा एकत्रित भार ११० टक्के आहे, म्हणजे ५५ लाख. त्यामुळे मूल्य १ कोटी ५ लाख होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर उपकराऐवजी सरसकट ४० टक्के जीएसटी लागतो, तो ४२ लाख. म्हणजे विक्रेत्याचा नफा धरण्यापूर्वीच गाडी १ कोटी ४७ लाखांवर जाते. महाराष्ट्रात पासिंग केल्यावर त्यात आणखी २० टक्के मिळतात (प्रश्न ५ पाहा).

याचा परिणाम निसान जीटी-आरइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसला असेल. २००८ मध्ये अमेरिकेत ती सुमारे ७० हजार डॉलरला आली, त्याच वर्षी तिने जर्मनीतील नूर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर ७ मिनिटे २९ सेकंदांची फेरी नोंदवली आणि दीडपटीहून महाग असलेल्या ९११ टर्बोच्या मालकांची झोप उडवली. ‘कमी पैशांत जास्त कामगिरी’ हेच त्या गाडीचे सारे आकर्षण होते. भारतात ती २०१६ च्या अखेरीस १ कोटी ९९ लाखांना आली. तोपर्यंत तिची रचना नऊ वर्षे जुनी झाली होती आणि त्या रकमेत ग्राहकाला अधिक नावाजलेल्या, अधिक नव्या गाड्या दिसत होत्या. गाडी तीच होती, पण तिच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद बंदरातच संपला. परदेशी चॅनेलवरचे ‘व्हॅल्यू फॉर मनी’चे निकाल येथे जसेच्या तसे लागू करू नयेत, ते यासाठीच.

५. महाराष्ट्रात ऑन-रोड किमतीत नेमके काय काय धरावे?

सर्वांत मोठी रक्कम एकरकमी मोटार वाहन कराची असते. व्यक्तीच्या नावावरील, भारतात तयार झालेल्या आणि २० लाखांहून महाग पेट्रोल गाडीवर तो १३ टक्के आहे, तर आयात केलेल्या गाडीवर २० टक्के. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. एक कोटीच्या दोन गाड्यांपैकी एक चेन्नईत जोडलेली आणि दुसरी आयात केलेली असेल, तर केवळ करात सात लाखांचा फरक पडतो. आयात गाडी दीड कोटीवर पोहोचली की मर्यादा लागते, त्यामुळे दीड कोटीची आणि चार कोटींची गाडी सारखाच कर भरते. कर आकारणीतील हा चढ सर्वांत जास्त जाणवतो तो ८० लाख ते दीड कोटी या पट्ट्यात, आणि आपल्याकडचे बहुतेक पहिलटकर खरेदीदार नेमके तेथेच असतात.

याखेरीज विमा (प्रश्न ११) आणि एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गाडी विकतानाच गोळा केलेला आयकर) धरावा. टीसीएस आयकर विवरणपत्रात समायोजित होतो, त्यामुळे तो खर्च नव्हे. मात्र ताबा घेताना ती रक्कम हातात असावी लागते. ‘हँडलिंग चार्जेस’ या नावाखाली काही मागितले, तर लेखी तपशील मागावा. तपशील मागितल्यावर ही ओळ बऱ्याचदा नाहीशी होते.

६. मग आजच्या घडीला पैशाच्या मानाने सर्वाधिक कामगिरी कोणत्या पेट्रोल गाडीत मिळते?

एकच नाव घ्यायचे तर बीएमडब्ल्यू एम३४०आय. मार्च २०२१ मध्ये ती ६२ लाख ९० हजारांना आली, तेव्हा तिची विशेषता अशी होती की सहा सिलिंडरचे तीन लिटरचे टर्बो (दाबाने जादा हवा आत घेणारे) इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी ही गाडी चेन्नईच्या कारखान्यात जोडली जात होती. सुट्या भागांवरचे शुल्क तयार गाडीच्या तुलनेत पुष्कळ कमी असते, आणि तो फरक थेट ग्राहकाच्या पदरात पडला. ०–१०० साठी कंपनीची वेळ ४.४ सेकंद आहे. पुढे किंमत वाढली, तरी जवळपासच्या किमतीची दुसरी पेट्रोल गाडी ती वेळ गाठत नाही.

तिच्या पुढच्या पायऱ्या पाहा. २०२३ मध्ये एम२ ९८ लाखांना आली, तिची वेळ ४.१ सेकंद. २०२४ मध्ये सुधारित ९११ कॅरेरा १ कोटी ९९ लाखांना आली, तिचीही मूळ वेळ ४.१ सेकंद. ०–१०० हाच निकष धरला, तर ९११ घेणारा सव्वा कोटीहून अधिक रक्कम ०.३ सेकंदासाठी मोजतो आणि एम२ शी त्याची बरोबरीच होते. हा हिशेब हास्यास्पद वाटतो, कारण निकषच चुकीचा आहे. ९११ मध्ये आपण मागे बसवलेले सपाट सहा सिलिंडरचे इंजिन, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना मिळणारी पकड, दिवसभर दमवले तरी न कुरकुरणारे ब्रेक आणि वापरलेल्या बाजारात टिकणारी किंमत घेत असतो. यांपैकी ज्या गोष्टी आपण खरोखर वापरणार आहोत त्यांचीच किंमत द्यावी. शनिवार-रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणे आणि आठवडाभर हिंजवडीच्या कोंडीत बसणे हाच वापर असेल, तर एम३४०आयच्या वर दिलेला प्रत्येक रुपया हौसेचा आहे. हौसेला मोल नसते हे मान्य, पण तिला गुंतवणूक म्हणू नये.

पन्नास लाखांच्या आसपास २०२५ मध्ये दोन गाड्या आल्या : मे महिन्यात ५३ लाखांना गोल्फ जीटीआय आणि ऑक्टोबरमध्ये ४९ लाख ९९ हजारांना स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. दोन्ही आयात केलेल्या आणि मोजक्याच संख्येने आलेल्या आहेत. इंजिन एकच, २६५ पीएसचे. जीटीआयची वेळ ५.९ सेकंद, आरएसची ६.४. आकड्यांत जीटीआय सरस ठरते. चौकोनी कुटुंब असेल आणि गाडी एकच असेल, तर आरएसची डिकी पाहिल्यावर तो अर्धा सेकंद कोणी आठवत नाही.

७. इलेक्ट्रिक गाड्या याहून वेगवान आणि स्वस्त आहेत. त्याच का घेऊ नयेत?

सरळ रेषेतील वेग हेच ध्येय असेल, तर जरूर घ्याव्यात. मार्च २०२४ मध्ये आलेली ५३ लाखांची बीवायडी सील परफॉर्मन्स ३.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते. जुलै २०२५ मध्ये जवळपास ७५ लाखांना आलेल्या एमजी सायबरस्टरची वेळ ३.२ सेकंद आहे, शिवाय ती छत उघडणारी, दोन आसनांची, दिसण्यातही अस्सल स्पोर्ट्स कार आहे. जीएसटी ४० ऐवजी ५ टक्के आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणानुसार मोटार वाहन करात सूट, यामुळे ऑन-रोड किंमत एक्स-शोरूमच्या जवळच राहते.

मात्र सीलचे वजन २,१०० किलोच्या पलीकडे आहे, आणि प्रश्न ३ मध्ये वजनाबद्दल जे म्हटले ते येथे पूर्णपणे लागू पडते. सलग जोराने चालवल्यास बॅटरी तापते आणि संगणक ताकद कमी करतो. ट्रॅकवर वीस मिनिटे चालवून चार्जिंगसाठी थांबणे हा आनंदाचा भाग नव्हे. रोजच्या शहरी वापरात मात्र या गाड्यांची तत्परता कोणत्याही पेट्रोल गाडीला लाजवते. वेगवाढ आता स्वस्त झाली आहे, हे पेट्रोलप्रेमींनी मान्य करावे. महाग राहिली आहे ती हलकेपणा, स्पर्श आणि आवाज यांची जोड.

८. माझे बजेट वीस लाखांचे आहे. या चर्चेत माझ्यासाठी काही आहे का?

आहे. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, दीड लिटरच्या १५० पीएस टर्बो इंजिनासह आणि शक्यतो मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये. ती स्पोर्ट्स कार नाही, पण तिच्या मर्यादेपर्यंत आपण घाटात कायद्यात राहून पोहोचू शकतो आणि चालवण्याची कला तेथेच शिकता येते. उरलेल्या पैशांतून चांगले टायर घ्यावेत.

९. आपल्या रस्त्यांवर ही कामगिरी वापरायची तरी कोठे?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटाच्या टप्प्यात ६०, आणि जागोजागी कॅमेरे आहेत. समृद्धी महामार्गाचे सर्व ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुले झाले. तेथे सपाटीवर १२० ची मर्यादा आहे. अटल सेतूवर १००. म्हणजे ताशी २९० किलोमीटर जाऊ शकणाऱ्या गाडीचा कायदेशीर वापर राज्यात कोठेही तिच्या निम्म्या क्षमतेपर्यंतही पोहोचत नाही. टॉप स्पीडसाठी एक पैसाही जास्त देऊ नये, असे आम्ही यावरूनच म्हणतो.

पूर्ण क्षमता पाहायची तर ट्रॅक हवा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे ३.७ किलोमीटरचे सर्किट आहे. २०११ ते २०१३ मध्ये फॉर्म्युला वन जेथे झाली, ते ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे. पुण्याहून दोन्ही दूर आहेत. वर्षातून एकदा तरी तेथे जाण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे. नसेल तर ट्रॅकसाठीचे पर्याय (प्रश्न १२) टाळावेत.

त्यापेक्षा गतिरोधकाचा विचार जास्त करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्यक्षात सोसायटीच्या दारातला उंचवटा वीतभर रुंद आणि त्याहून उंच असतो. तो तिरका ओलांडावा लागतो : एक चाक चढते, मागून रिक्षा हॉर्न वाजवते, आणि वॉचमन वाकून ‘लागत नाही साहेब, येऊ द्या’ असे सांगत असतानाच खालून खरवडल्याचा आवाज येतो. गाडी ठरवण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतःच्या घरापर्यंत आणून पार्किंगच्या उतारावरून खाली नेऊन पाहावी. हे करू न देणाऱ्या शोरूमला घाई कसली आहे, ते ओळखावे.

१०. पुण्याची उंची आणि आपले पेट्रोल यांचा कामगिरीवर परिणाम होतो का?

होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीच्या प्रत्येक १०० मीटरमागे सुमारे एक टक्का घटते, म्हणजे पुण्यात पाच-सहा आणि महाबळेश्वरला तेरा टक्क्यांच्या आसपास. टर्बो इंजिन ही घट बरीचशी भरून काढते. त्यामुळे मुंबईत आवडलेली विनाटर्बो गाडी घाटमाथ्यावर जराशी मंद वाटली, तर तो भास नसतो.

पेट्रोलबाबत, आता सर्वत्र मिळणारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ९५ ऑक्टेनचे असते (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची इंधनाची क्षमता). बहुतेक नव्या गाड्यांना ते चालते, पण अनेक उच्च क्षमतेच्या इंजिनांची जाहीर ताकद ९८ ऑक्टेनवर मोजलेली असते. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून निवडक पंपांवर मिळते, ते खूपच महाग आहे. रोज ते भरण्याची गरज नाही; ट्रॅकवर किंवा लांबच्या घाटरस्त्यावर जाताना भरावे. इंधनाच्या झाकणामागे किमान किती ऑक्टेन लिहिले आहे, ते मात्र घेण्याआधीच वाचावे.

११. हप्त्याखेरीज दरवर्षी किती खर्च धरावा?

ठरावीक आकडा देणे योग्य नाही, पण खर्चाची रचना सांगता येते. थर्ड पार्टी विम्याचा दर १,५०० सीसीवरील सर्व खासगी गाड्यांना सारखाच, वर्षाला ७,८९७ रुपये आहे. ऑक्टेव्हिया असो वा लॅम्बोर्गिनी. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात. विमाकृत मूल्य पहिल्या वर्षाअखेरीस १५ टक्के, दोन वर्षांनंतर ३० आणि चार वर्षांनंतर ५० टक्के घटलेले धरले जाते. कर्ज मोठे असेल, तर मधल्या काळात गाडी चोरीस गेल्यास विम्याची रक्कम कर्जापेक्षा कमी पडू शकते, म्हणून ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे पूरक संरक्षण घ्यावे. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणही घ्यावे. ठेंगण्या गाडीची हवा घेणारी नळी पाण्याच्या जवळ असते, आणि पाणी आत गेल्यावर चावी फिरवून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही.

त्यानंतर टायर. मऊ रबराचे रुंद टायर लवकर झिजतात, पुढचे-मागचे माप अनेकदा वेगळे असल्याने ते अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही, आणि कमी जाडीच्या भिंतीमुळे एका खड्ड्यात टायरसह रिमही जाते. चारही टायर व चारही ब्रेक डिस्क यांचे दर गाडी बुक करण्याआधी सर्व्हिस विभागाकडून लेखी घ्यावेत. विक्री विभागाला विचारू नये.

१२. कंपनीच्या पर्यायांच्या यादीतून काय घ्यावे आणि काय सोडावे?

पुढचा भाग काही सेंटिमीटर उचलणारी यंत्रणा मिळत असेल, तर ती सर्वांत आधी घ्यावी. कारण प्रश्न ९ मध्ये आले आहे. त्यानंतर परिस्थितीनुसार कडक-मऊ होणारे सस्पेन्शन. कार्बन सिरॅमिक ब्रेक लोखंडी डिस्कच्या साधारण निम्म्या वजनाचे असतात आणि अतिउष्णतेत टिकतात, पण रस्त्यावर त्यांची गरज पडत नाही आणि बदलण्याचा खर्च डोळे पांढरे करतो. मोठ्या व्यासाची रिम सोडावीत. मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत असेल, तर एम२ मध्ये तो ऑटोमॅटिकपेक्षा ०.२ सेकंद मंद आहे. आनंदासाठी गाडी घेणाऱ्याने तेवढा उशीर खुशाल सोसावा.

लक्षात असू द्यावे की प्रत्येक पर्यायावर करांची तीच रांग लागते, पण पुनर्विक्रीत त्यांपैकी बहुतेकांचे पैसे परत मिळत नाहीत.

१३. नव्या एम३४०आयच्या पैशांत जुनी पोर्शे मिळते. घ्यावी का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. पहिल्या मालकाने कर आणि घसारा सोसलेला असल्याने कामगिरी-किंमत यांचे गणित येथे एकदम बदलते, हे खरे आहे. मात्र खरेदीची किंमत निम्मी झाली तरी सुट्या भागांची किंमत नव्या गाडीचीच राहते. म्हणून रकमेचा काही भाग पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शक्य असेल, तरच या वाटेने जावे.

कंपनीच्या प्रमाणित योजनेतील गाडी महाग असते, पण पोर्शेच्या योजनेत १११ मुद्द्यांची तपासणी आणि वॉरंटी असते. पहिल्यांदा घेणाऱ्याने तो फरक द्यावा. बाहेरून घेताना सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, पाण्यात बुडाल्याच्या खुणा (आसनांच्या रुळांवरील गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी मातीची रेषा) आणि इंजिनाची संगणकीय नोंद पाहावी. गाडी २० टक्के इथेनॉलसाठी योग्य आहे का, हेही विचारावे; २०२३ पूर्वीच्या गाड्यांत याची खात्री हवीच.

आयात गाडी असेल, तर मूळ बिल ऑफ एंट्रीची (सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेल्या आयातीच्या कागदाची) प्रत मागावी आणि चासी क्रमांक जुळवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे शुल्क चुकवून आणलेल्या गाड्यांविरुद्ध मोठी कारवाई केली, त्यात आधीच भारतीय पासिंग झालेल्या गाड्याही जप्त झाल्या. आरसी बुक हातात असणे म्हणजे शुल्क भरलेले असणे नव्हे.

१४. स्वस्त टर्बो गाडी घेऊन रीमॅप केली (इंजिनाच्या संगणकातील प्रणाली बदलून ताकद वाढवली) तर महागड्या गाडीची ताकद मिळेल का?

ताकद मिळेल, ब्रेक, कूलिंग आणि गिअरबॉक्स मात्र जुन्याच ताकदीसाठी बनवलेले राहतील. वॉरंटी जाते, गाडीतील बदलांविषयीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो आणि विमा कंपनीला दावा नाकारण्यास निमित्त मिळते. प्रश्न २ मध्ये सांगितलेला जळका वास अशा गाड्यांत लवकर येतो. करायचेच असेल, तर वॉरंटी संपल्यावर आणि ब्रेक आधी सुधारून.

१५. कंपनीच्या नावावर घेतली तर स्वस्त पडते ना?

महाराष्ट्रात दरवेळी नाही. कंपनीच्या नावावरील गाडीला, ती भारतात जोडलेली असली तरी, २० टक्के मोटार वाहन कर लागतो. आयात गाडीला तो तसाही २० टक्केच असल्याने तेथे फरक पडत नाही. आयकरात गाडीवर सामान्यतः १५ टक्के घसारा मिळतो. जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय) मात्र अशा प्रवासी गाड्यांवर मिळत नाही. दोन आसनांची गाडी धंद्यासाठी लागते, हे आयकर अधिकाऱ्याला पटवण्याची तयारी ठेवावी. सीएचा सल्ला बुकिंगच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे.

१६. मी दुबईत किंवा लंडनमध्ये राहतो. परतताना तिकडची स्पोर्ट्स कार आणता येईल का?

दुबईची गाडी आणता येणार नाही, कारण आयात धोरणानुसार स्टिअरिंग उजवीकडे असणे बंधनकारक आहे. लंडनची गाडी त्या अटीत बसते. वापरलेली गाडी असल्यास ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. कायमचे परतत असलात तरी गाडीवरील शुल्क माफ होत नाही. तिकडे जुन्या गाडीवर मिळालेली सवलत या शुल्कापुढे टिकत नाही, त्यामुळे भावनिक कारण नसेल तर तेथे विकून येथे घ्यावी.

१७. कमी कराच्या राज्यात पासिंग करून गाडी मुंबईत वापरली तर?

गाडी जेथे सामान्यतः ठेवली जाते, तेथील निवासाच्या किंवा व्यवसायाच्या पत्त्यावर नोंदणी करणे कायद्याला अपेक्षित आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास कलम ४७ नुसार तेथे पुनर्नोंदणी करून कर भरावा लागतो. खोट्या पत्त्यावर पुदुच्चेरीत पासिंग केल्याची प्रकरणे २०१७ मध्ये केरळमध्ये गाजली आणि त्यात नामवंतही अडकले. गोव्यात खरोखर घर आणि वास्तव्य असणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने टोलच्या पावत्या आणि विजेची बिले जपून ठेवावीत.

१८. ब्रिटनशी करार झाला आहे. शुल्क उतरेपर्यंत थांबावे का?

२४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत–ब्रिटन करारात गाड्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे, पण ती ठरावीक संख्येच्या कोट्यापुरती. ती ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या गाड्यांना, म्हणजे ॲस्टन मार्टिन, मॅक्लारेन, लोटस यांसारख्यांना लागू पडते. जर्मनीत तयार होणारी पोर्शे किंवा मेक्सिकोत तयार होणारी एम२ या करारात येत नाही. लोटस घेण्याचा विचार असेल, तर बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : शुल्क घटल्यास ताब्याच्या दिवशीची किंमत लागू होईल, आणि आपली गाडी कोट्यातून येणार आहे की कोट्याबाहेरून. एम३४०आयसारख्या भारतात जोडलेल्या गाडीसाठी थांबण्याचे कारण नाही.